अंथरुणाला खिळलेलं माणूस घरी आणलं, पुढे काय? (इंदूरकरांसाठी धागा)

माळवीमैना | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार. हा धागा मुख्यतः इंदूरच्या मराठी घरांसाठी काढते आहे. ज्यांचे आईवडील इथे आणि स्वतः पुण्या-बेंगळुरूला आहेत त्यांनी तर जरूर वाचावा.

मी सुदामा नगरात राहते. गेल्या मार्गशीर्षात सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. वय ८१. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. अकराव्या दिवशी घरी सोडलं. हातात दिलेल्या कागदावर सात गोळ्यांची नावं, त्यांच्या वेळा आणि "पंधरा दिवसांनी दाखवायला या", एवढंच. त्यांना कुशीवर कसं वळवायचं, घास तोंडाच्या कुठल्या बाजूला द्यायचा, पाणी पिताना ठसका लागला तर काय करायचं, यातलं अक्षरही कोणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही, कारण विचारायचं काय हेच ठाऊक नव्हतं.

एका एजन्सीने बारा तासांसाठी "नर्स" पाठवली. महिन्याचे पैसे आधी घेतले. वीस वर्षांची मुलगी, धारकडच्या एका गावातली. पुढे महिन्याभराने तिनेच मला सांगितलं, "आंटी, मैंने पहली बार डायपर आपके यहाँ ही हाथ में लिया." यात तिचा काही दोष नाही. तिला दोन दिवस ऑफिसात बसवून निळा कोट दिला आणि आमच्या दारात आणून सोडलं. ती घाबरलेली, मी घाबरलेली आणि मधे सासूबाई, ज्यांना दुखतंय हेही नीट सांगता येत नव्हतं.

सातव्या आठवड्यात त्यांच्या माकडहाडावर बोराएवढा लाल डाग दिसला. आपल्याकडे लाल झालं की चोळायचं, तेवढंच माहीत. मी रोज दोन वेळा खोबरेल तेल चोळलं, वर पावडर. मेडिकलवाल्याने बसायची रबरी रिंग दिली, तीही आणली.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त सिस्टर राहतात. भाजीच्या ठेल्यावर भेट झाली, सहज बोलणं निघालं, तशा त्या पिशवी हातात घेऊनच घरी आल्या. त्यांनी डागावर अंगठा दाबला, उचलला आणि मला म्हणाल्या, "रंग बघ." मी पाहिलं, तो तसाच लाल. मग त्यांनी माझ्या मनगटावर दाबून दाखवलं. तिथे आधी पांढरं पडलं आणि क्षणात पुन्हा रंग आला. "हिचं पांढरं पडतच नाहीये. हाड आणि गादी यांच्यामधे कातडी चेपून रक्त अडलंय. आता चोळलंस तर आतलं मांस फाटेल." रिंग उचलून त्यांनी बाजूला ठेवली. ती कडेने दाब देते आणि मधल्या भागाचं रक्त आणखी तोडते, म्हणाल्या.

मग सासूबाईंचंच एक जुनं सुती लुगडं मागितलं. त्याची चौघडी केली आणि खांद्यापासून मांडीपर्यंत त्यांच्या अंगाखाली सरकवली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती मुलगी. "दंड धरून ओढायचं नाही. लुगडं धरा, एक दोन तीन म्हणा आणि उचलून सरकवा." सासूबाई पिसासारख्या सरकल्या. सात आठवडे मी त्यांना काखेत हात घालून ओढत होते. दर वेळी त्या डोळे मिटून घेत, आणि मला वाटे, थकल्या असतील. खांदा दुखत होता त्यांचा.

त्या रात्री मी खूप रडले. डाग महिन्याभराने गेला. पण एक गोष्ट मनात पक्की बसली. पैसे देऊन आपण फक्त माणसाचे तास विकत घेतो. हाताला जी समज लागते ती घरात आणि गल्लीत असावी लागते, आणि ती शिकवता येते. एका दुपारात येते.

म्हणून फेब्रुवारीपासून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सिस्टर आमच्या हॉलमधे शिकवतात. पहिल्यांदा चौघी होतो, आता तेरा जण येतात, त्यांत चार पुरुष. शिवाय आम्ही "दोन तास" सुरू केलेत. ज्या घरात कोणी अंथरुणावर आहे तिथे शिकलेल्यांपैकी एक जण ठरलेल्या वाराला दोन तास जाऊन बसतो, म्हणजे घरचं माणूस बाहेर पडू शकतं. पहिल्यांदा मी बाहेर पडले तेव्हा कुठे जावं सुचेना. राजवाड्यापर्यंत गेले, दहा मिनिटं नुसती उभी राहिले आणि परत आले. तरी बरं वाटलं.

रामबाग, लोकमान्य नगर, टिळक नगर, राजेंद्र नगर, वैशाली नगर, तुमच्याकडे असं काही आहे का? नसेल तर करायचं का? अनुभव, शंका, सूचना सगळं लिहा.

रामबागवाला | रविवार, रात्री १०:१५

ताई, वाचून गलबलून आलं. आमच्याकडे वडील आहेत, दोन वर्षांपासून. आई त्यांचं सगळं करून राहिली आहे आणि आता तिचीच कंबर गेली. त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवणं हे रोजचं युद्ध आहे. लुगड्याची युक्ती उद्याच करून बघतो. खुर्चीत बसवायचं कसं ते सिस्टरना विचाराल का?

स्नेहलतागंज ते पुणे | रविवार, रात्री ११:०२

मी पुण्यात, आईबाबा स्नेहलतागंजमधे एकटे. आईला डायबिटीस, बाबांचं मांडीचं हाड मोडून ऑपरेशन झालंय. फोनवरून तीन एजन्सींशी बोललो. प्रत्येक जण "ट्रेन्ड नर्स देतो" म्हणतो. ट्रेन्ड म्हणजे काय, हे ओळखायचं कसं? घरात कॅमेरा लावलाय, पण कॅमेऱ्यात बघून मला काय कळणार की जे चाललंय ते बरोबर आहे का?

सिस्टरमावशी | सोमवार, दुपारी २:३०

मैनेने जिच्याबद्दल लिहिलंय ती मीच. सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं काढली. मोबाइलवर टाइप करायची सवय नाही, नातू लिहून देतोय, म्हणून एकदाच सगळं सांगते.

आधी पुण्याच्या मुलाला. ए.एन.एम. म्हणजे दोन वर्षांचा कोर्स, जी.एन.एम. तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. या तिघींची नर्सिंग कौन्सिलमधे नोंदणी असते आणि तिचा नंबर असतो. तो मागायचा, लाजायचं नाही. जनरल ड्यूटी असिस्टंट किंवा होम हेल्थ एड हा काही महिन्यांचा कोर्स. ती मुलगी आंघोळ घालेल, भरवेल, कूस बदलेल, बी.पी. मोजेल. इंजेक्शन देणं, लघवीची नळी घालणं, जखमेचं मोठं ड्रेसिंग हे तिचं काम नाही. आणि ज्यांना कुठलाच कोर्स नाही त्या आया. त्यातल्या कित्येक जणी हाताने फार चांगल्या असतात, पण त्यांना नर्स म्हणून पैसे लावणं हा ग्राहकावरही अन्याय आणि त्यांच्यावरही. तुझ्या बाबांना नर्सची गरज नाही, धरून चालवणारं माणूस हवंय. तुझ्या आईला इन्सुलिन असेल तर ते देणारं कोण, हे आधी ठरव. मग एजन्सीला फोन कर. आधार कार्डाची प्रत घे आणि पोलीस थाण्यात नोंद करून ठेव, तो सगळ्यांच्याच भल्याचा भाग आहे.

कॅमेऱ्यात काय बघायचं तेही सांगते. घड्याळ बघ. दोन तास झाले तरी माणूस त्याच कुशीवर असेल तर फोन कर. भरवताना पाठ सरळ आहे का बघ. आडवं ठेवून चमच्याने पाणी घालत असतील तर तिथल्या तिथे थांबव.

आता रामबागच्या मुलाला. खुर्ची नेहमी चांगल्या बाजूला ठेवायची. वडिलांची डावी बाजू गेली असेल तर खुर्ची उजवीकडे, म्हणजे वळताना चांगल्या पायावर भार येतो. आधी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं बसवायचं. एकदम उभं केलं की रक्तदाब खाली येतो, चक्कर येते आणि माणूस पडतो. तुझे गुडघे वाकलेले, पाठ ताठ, त्यांच्या कमरेला रुंद पट्टा बांधलेला असेल तर तो धरायचा. लुळ्या हाताला धरून कधीही ओढायचं नाही. त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा खाली निसटतो आणि जन्मभराचं दुखणं होतं. तुझ्या आईने हे एकटीने करू नये.

भरवण्याचं. अर्धांगानंतर गिळणं बिघडतं, आणि सगळ्यात अवघड असतं पातळ पाणी. ते पटकन घसरून श्वासनळीत जातं. म्हणून पूर्ण बसवायचं, हनुवटी जरा छातीकडे, चमचा छोटा, घास चांगल्या बाजूला. गिळलेलं दिसल्यावरच पुढचा. शेवटी लुळ्या बाजूच्या गालात बोट किंवा ओला कपडा फिरवून बघायचं, तिथे पोळी अडकून बसते आणि कोणाला कळत नाही. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. दर घासाला ठसका, जेवल्यावर आवाज घोगरा होणं, सारखा बारीक ताप यातलं काही असलं तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. न्यूमोनिया असाच होतो.

कूस दर दोन तासांनी. आमच्या वेळी वॉर्डात भिंतीवर कागद असायचा: ८ उताणी, १० डावी, १२ उजवी. तसाच घरी लावा. पूर्ण आडवी कूस नको, पाठीला उशी लावून जराशी तिरकी, नाहीतर खुब्याच्या हाडावर सगळा भार येतो. गुडघ्यांमधे उशी. पोटऱ्यांखाली उशी अशी ठेवायची की टाच अधांतरी राहील. टाचेकडे कोणी बघत नाही आणि तीही लवकर काळी पडते. हवेची गादी चांगली, पण गादी आणली म्हणून कूस बदलणं सोडायचं नाही.

लघवीची पिशवी कमरेच्या खाली टांगायची, पण जमिनीला टेकवायची नाही. पलंगावर ठेवली की लघवी उलटी जाते. थंडी वाजून ताप आला, लघवी गढूळ झाली किंवा पिशवी तासन्‌तास रिकामी राहिली तर उशीर करायचा नाही.

नातू दमला. बाकी रविवारी.

माळवीमैना | सोमवार, दुपारी ३:१०

सिस्टर, हे सगळं छापून पलंगाशेजारी लावते आहे.

राजेंद्रनगर४ | सोमवार, सायंकाळी ६:४५

कल्पना चांगली आहे, पण एक शंका मनापासून मांडतो. शेजाऱ्याने दुसऱ्याच्या आजारी माणसाला हात लावायचा, आणि उद्या काही बरंवाईट झालं तर? घरचे बोल लावणार नाहीत कशावरून? दुसरं, माझी पत्नी स्मृतिभ्रंशाने आजारी आहे. ती अनोळखी माणूस बघून ओरडते. अशा घरात "दोन तास" कसे चालणार?

माळवीमैना | सोमवार, रात्री ९:२०

तुमची शंका रास्त आहे, आमच्यातही पहिल्याच बैठकीत ती निघाली. आम्ही काही गोष्टी कागदावर लिहून ठेवल्या आहेत आणि घरच्यांना आधी वाचून दाखवतो. जाणारा माणूस औषध देणार नाही, इंजेक्शनला हात लावणार नाही, नाकातली किंवा लघवीची नळी हलवणार नाही, भरवणार नाही. सोबत बसेल, बोलेल, कूस बदलायची वेळ झाली तर घरात दुसरं कोणी असेल तरच बदलेल. घरच्या माणसाचा फोन चालू पाहिजे आणि ते अर्ध्या तासात परतता येईल इतक्याच अंतरावर जाईल. पैशाचा, दागिन्यांचा, कपाटाचा संबंध नाही. आत्तापर्यंत तरी खटका उडालेला नाही.

वहिनींच्या बाबतीत मात्र तसं चालणार नाही, हे खरं. आमच्याकडे अशाच एका काकांसाठी आम्ही पहिले पाच आठवडे घरचं माणूस घरात असतानाच जात राहिलो. एकच माणूस, तोच वार, तीच वेळ, शक्यतो त्याच रंगाचे कपडे. काकांना पूर्वी पेटी वाजवायची आवड होती, म्हणून जाणारा मुलगा पेटीच घेऊन बसायचा. सहाव्या आठवड्यात त्यांनी त्याला "आलास?" असं विचारलं. काकू त्या दिवशी पहिल्यांदा बँकेत गेल्या. वहिनींना काय आवडतं?

राजेंद्रनगर४ | सोमवार, रात्री ९:५५

शेंगा सोलायला आवडतं. ढीगभर मटार दिले की शांत बसते. तासभर.

माळवीमैना | सोमवार, रात्री १०:०१

मग येणारी बाई मटार घेऊनच येईल. व्यक्तिगत निरोप पाठवते.

जुनीइंदूर | मंगळवार, सकाळी ११:३०

मला दुसऱ्या बाजूने लिहायचं आहे. माझी आई बावीस वर्षं आया म्हणून घरोघरी गेली, बहुतेक आपल्याच लोकांच्या घरी. तिच्या जोरावर मी शिकले. ती ज्यांना शेवटपर्यंत न्हाऊ-माखू घालायची त्यांच्या घरात तिचा कप वेगळा असायचा. बारा तासांत जेवायची वेळ ठरलेली नसायची. दोन माणसांचं उचलायचं काम एकटीने केलं, आज तिच्या दोन मणक्यांत गॅप आहे. तिला कोणी कधी सांगितलं नाही की लुगड्याची चौघडी करून सरकवता येतं. सांगितलं असतं तर तिची पाठ वाचली असती.

म्हणून मैनाताईंना हात जोडून विनंती. रविवारच्या वर्गात त्या आयांना, अटेंडंट मुलींना बोलवा, आणि त्यांचा त्या दिवसाचा पगार कापू नका. शिकवणं हिंदीत करा. त्यांना आठवड्याची एक सुटी, जेवायला बसायचा अर्धा तास आणि रात्रपाळीला झोपायला धड जागा, एवढं प्रत्येक घराने ठरवावं. ज्या बाईला स्वतःला झोप नाही ती दर दोन तासांनी उठून कूस कशी बदलणार?

सिस्टरमावशी | मंगळवार, दुपारी १:००

या मुलीचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. पुढचा रविवार हिंदीत. तुझ्या आईला घेऊन ये. बावीस वर्षांच्या हाताकडून मलाही शिकायचं आहे.

माळवीमैना | मंगळवार, दुपारी १:२५

माझ्याकडची मुलगी पहिल्या वर्गापासून येते, पण बाकी घरांतल्या आयांना बोलवायचं माझ्या मनात आलं नव्हतं. चुकलंच. जुनीइंदूर, तुमचं पत्र तेरा घरांत वाचून दाखवीन. आमच्या हिला रविवारी पूर्ण पगार मिळतो, आणि कप आमच्याकडे सगळे एकाच मांडणीतले आहेत.

टिळकनगरचे आजोबा | मंगळवार, सायंकाळी ५:१५

तुम्ही मुलं जे करताय त्याला मोठी परंपरा आहे, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं. गावातल्याच बायका निवडल्या, कित्येकींना अक्षरओळख नव्हती, आणि त्यांना बाळंतपण, जुलाब, बाळाचं वजन, स्वच्छता हे सगळं शिकवलं. त्या बायकांनी आपापली गावं बदलली. १९७९ मधे आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि जामखेड म्हणजे कोण, तर आपल्या अहिल्यामातेचं माहेर. चौंडी त्याच तालुक्यात आहे. इंदूरच्या माणसाला तिथून शिकायला संकोच नको.

दुसरं उदाहरण केरळचं. कोझिकोडला १९९३ मधे दुखण्यातून आराम देणाऱ्या, म्हणजे पॅलिएटिव्ह सेवेची संस्था उभी राहिली आणि तिच्यातून शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचं जाळं विणलं गेलं. डॉक्टर-नर्स ठरलेल्या दिवशी घरी येतात, मधल्या दिवसांत शेजारी लक्ष ठेवतात. २००८ मधे केरळ सरकारने त्यासाठी राज्याचं धोरणच केलं. तुमचे "दोन तास" हे त्याच जातीचं काम आहे. मी ७६ वर्षांचा आहे, उचलणं होणार नाही, पण वर्तमानपत्र वाचून दाखवायला कुठेही येईन.

रामबागवाला | मंगळवार, रात्री ८:३०

काल चांगल्या बाजूला खुर्ची ठेवून बसवलं. दोन वर्षांत पहिल्यांदा आई बाजूला उभी राहून नुसती बघत होती. सिस्टरमावशी, तुमचे पाय धरतो.

दोन व्यवहाराच्या गोष्टी माझ्याकडून. एक, डायपर. आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, ते घराघरात कचरा वेगळा होतो म्हणून. डायपर ओल्या कचऱ्यात टाकू नका. कागदात गुंडाळून गाडीच्या सॅनिटरी कचऱ्याच्या खान्यात द्या, गाडीवाले भैया सांगतातही. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून, वर मोठ्या अक्षरांत "सुई" लिहून घरगुती घातक कचऱ्यात. पातळ पन्नीत टाकलेली सुई सफाईवाल्याच्या हातात घुसते.

दोन, सरकारी मदत. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी. वडिलांचं मी आधारवर करून घेतलं. पण नीट समजून घ्या: ते भरती झाल्यावरचं आहे. भरतीच्या आधीचे ३ दिवस आणि सुटीनंतरचे १५ दिवस तपासण्या-औषधं त्यात येतात. घरच्या आयाचा पगार त्यात नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फोन सकाळी ८ ते रात्री ८ चालू असतो, घरात कोणी छळत असेल तरी तिथे सांगता येतं. आणि जे सेवा करून राहिले त्यांचंच मन खचलं तर १४४१६, टेली-मानस, दिवसरात्र. आईसाठी मी लावला होता. ती वीस मिनिटं बोलली, नंतर जेवली.

स्नेहलतागंज ते पुणे | मंगळवार, रात्री १०:४०

काल कॅमेऱ्यात बघून पहिल्यांदा काहीतरी समजलं. बाबांना उठवताना अटेंडंट मुलगा सरळ उभं करत होता. फोन करून "दोन मिनिटं बसव" म्हटलं. तो म्हणाला, "भैया, मुझे किसी ने बताया नहीं था." त्याला रविवारी पाठवू का? येण्याजाण्याचे रिक्षाचे पैसे मी देईन.

आईचं विचारतो. तिची साखर अधूनमधून एकदम खाली येते, घाम फुटतो, हात थरथरतात. बाबा घाबरून तिच्या तोंडात पेढा कोंबतात.

सिस्टरमावशी | बुधवार, सकाळी १०:१०

अवश्य पाठव.

पेढ्यात तूप-खवा असतो, साखर हळू चढते. घाम, थरथर दिसली की मशीनवर बघायचं. ७० च्या खाली असेल, किंवा मशीन हाताशी नसेल तरीही, तीन चहाचे चमचे साखर अर्ध्या पेल्यात विरघळवून पाजायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. बरं वाटल्यावर काहीतरी खायला द्यायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, श्वास कोंडतो. कुशीवर करायचं आणि १०८ ला फोन. असं वारंवार होत असेल तर इन्सुलिनचं प्रमाण डॉक्टरांकडून बदलून घ्यायला हवं, हे पेढ्याने सुटणारं नाही.

आणि हे सगळ्यांसाठी, कारण मैनेच्या सासूबाईंना दवाखान्यात न्यायला सहा तास गेले. तोंड वाकडं झालं, एक हात वर राहत नाही, बोलणं लटपटलं, यांतलं एक जरी दिसलं तरी झोपवून बघू, सकाळी बघू असं करायचं नाही. गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सी.टी. स्कॅन व्हावा लागतो. झटका कधी आला ती वेळ कागदावर लिहून न्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

माळवीमैना | बुधवार, सकाळी १०:४५

हो, सहा तास. पहाटे चारला त्या पाणी मागायला उठल्या तेव्हाच शब्द जड येत होते. मला वाटलं, झोपेत आहेत. दहा वाजता दवाखान्यात पोचलो. हे इथे लिहिते, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी पहाटे चारला असं झालं तर त्यांनी दहा वाजू देऊ नयेत.

राजेंद्रनगर४ | बुधवार, दुपारी ४:२०

आज एक ताई दोन किलो मटार घेऊन आल्या. मी समोरच्या खोलीत बसून होतो. पत्नी पहिली दहा मिनिटं त्यांच्याकडे बघतच होती, मग त्यांच्या पुढ्यातली परात स्वतःकडे ओढली. पुढच्या बुधवारी पुन्हा याल का, असं मी त्यांना विचारलं. त्या हो म्हणाल्या. मी पूर्वी हिशोब तपासण्याचं काम करायचो. कोणी कुठे, कोणत्या वाराला जायचं याचं वेळापत्रक ठेवायची जबाबदारी मला द्या.

माळवीमैना | बुधवार, रात्री ९:०५

दिली, आजपासून.

येत्या रविवारी सकाळी दहा ते साडेबारा. हिंदीत. आया, अटेंडंट मुलं-मुली यांना आवर्जून पाठवा, जेवण आमच्याकडेच. आपल्या घरच्या माणसाला एकटं सोडून येऊ नका, तेवढ्या वेळासाठी कोणी हवं असेल तर राजेंद्रनगर४ यांना शनिवार दुपारपर्यंत कळवा. आणि प्रत्येकाने येताना घरातलं एक जुनं सुती लुगडं किंवा चादर घेऊन या. नायलॉन नको, ते घसरतं.

जुनीइंदूर | बुधवार, रात्री ९:३०

आई येते आहे. तिने आत्ताच ट्रंकेतून लुगडं काढून उन्हात घालायला ठेवलंय.